शिमग्याची मोकळीक

मनुष्याने आपल्या वर्तनास जितक्या मर्यादा घालून घेतल्या आहेत, तितक्याच काळजीने त्या मर्यादा सोडण्याचे दिवसही त्याने पंचांगात लिहून ठेविले आहेत, ही गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे. वर्षभर ज्याने खाली मान घालून वागावे, त्याने चार दिवस वाटेल ते बोलावे. ज्याच्यापुढे एरवी शब्द काढण्याची सोय नाही, त्याच्या दारात जाऊन बोंब मारावी. पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यावा, चाकराने धन्याचे सोंग आणावे, आणि ह्या सर्वांस धर्माची संमती असावी! जो समाज शिवी देणे असभ्य समजतो, तोच समाज एका पौर्णिमेस शिवी देणे हा विधी समजतो. ही नुसती विसंगती आहे, की हिच्या पोटात काही संगती दडलेली आहे? एका दिवसाची मोकळीक ही खरी मोकळीक म्हणावी काय? आणि ती खरी नसेल, तर ती देणाऱ्याचा हेतू कोणता आणि घेणाऱ्याच्या पदरात पडते ते काय? ह्या प्रश्नांचा थोडासा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा आहे असे नाही. दक्षिण फ्रान्समध्ये ओद नदीच्या काठी लिमू नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ऐन हिवाळ्यात, जानेवारी महिन्यात, कार्निव्हलास आरंभ होतो आणि ईस्टर जवळ येईपर्यंत दर शनिवार-रविवारी गावाच्या मुख्य चौकात मुखवटे घातलेल्या मंडळींच्या फेऱ्या निघतात. चौकाभोवती कमानी आहेत. त्या कमानींखालून वाद्यांच्या संथ चालीवर, हातात लांब वेत नाचवीत, ही मंडळी एका कॉफीगृहापासून दुसऱ्या कॉफीगृहापर्यंत जातात. मुखवट्याआडचा मनुष्य कोण, हे कोणी विचारावयाचे नाही. त्याने मात्र वाटेल त्या ओळखीच्या माणसास गाठून स्थानिक बोलीत त्याची थट्टा करावी आणि त्याने ती सोसावी. गावची परंपरा ह्या उत्सवाचे मूळ मध्ययुगातील गिरणीवाल्यांत सांगते. जवळच्या प्रुईच्या मठाचा वार्षिक वसूल एकदाचा भागवून ते पीठ उधळीत गावातून नाचत असत, असे म्हणतात. शेवटच्या रात्री कार्निव्हलच्या राजाची गवताची मूर्ती चौकात आणून तिच्यावर रीतसर खटला चालवितात, वर्षाच्या सर्व पापांचा बोजा तिच्या माथी मारतात आणि तिला जाळतात. ‘कार्निव्हल’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच मांस दूर सारणे असा सांगतात.

हे वर्णन वाचून महाराष्ट्रातील कोणत्या वाचकास आपला शिमगा आठवणार नाही? तोच सरता हिवाळा, तोच अग्नी, तीच सोंगे आणि तीच तोंडाची मोकळीक. आपल्या पुराणिकांनी तर ह्या मोकळिकीस मोठी मार्मिक कथा जोडली आहे. भविष्योत्तर पुराणात ढुंढा नावाच्या राक्षसीचे आख्यान आहे. रघुराजाच्या राज्यात ती लेकरांस पीडा देई. देव, मनुष्य, शस्त्र, ऊन, थंडी, पाऊस ह्यांपैकी कशानेही मरण येऊ नये, असा वर तिने मिळविला होता. तिला भय एवढेच की, पोरे तिला हैराण करतील. म्हणून लोकांनी लाकडे-गोवऱ्या रचून अग्नी पेटवावा, त्याला प्रदक्षिणा घालाव्या, हसावे, गावे आणि ज्याच्या मनात जे असेल ते त्याने शंका न धरता बोलून टाकावे, असा उपाय सांगितला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात ह्या होलिकाविधीचा साक्षेपाने विचार केला आहे; जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. आमचे लक्ष वेधते ते कथेतील एका गोष्टीकडे. जी राक्षसी शस्त्राने मरत नाही, ती निर्भय बोलण्याने पळते. शिमग्याचा गाभा अश्लीलता नव्हे. निर्भयता हा आहे. अश्लीलता हे तिचे विकृत आणि सोपे रूप होय. अभद्र बोलण्यास धैर्य लागत नाही. मनातले बोलण्यास लागते.

ह्या सणावर सुशिक्षितांचा आक्षेप जुना आहे आणि तो खोटाही नाही. मागच्या दोन पिढ्यांतील सुधारकांनी शिमग्यातील बीभत्सपणावर कोरडे ओढले, ते योग्यच केले. सणाच्या नावाखाली बायकामुलींस रस्त्यातून जाणे कठीण करावे, दारू पिऊन तमाशे करावे, नको म्हणणाऱ्याच्या अंगावर चिखल टाकावा आणि वर ‘बुरा मत मानो’ म्हणावे, ह्यात कोणता धर्म आणि कोणती संस्कृती? आजही आमच्या ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यात शिमगा जवळ आला की, धावत्या उपनगरी गाडीच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिशव्या फेकून त्यांच्या डोळ्यांस इजा केल्याच्या बातम्या कानी येतात. हा हास्यरस नव्हे. हा भ्याडपणा आहे. परंतु एवढे मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. कारण दुरुपयोग होतो म्हणून वस्तू निरुपयोगी ठरत नाही. ती वस्तू मुळात कशासाठी होती, हे शोधावेच लागते.

ह्या शोधात पहिले उत्तर भेटते ते असे की, समाजाच्या आरोग्यासाठी अशी मोकळीक आवश्यक आहे. ह्या मताचा एक जुना दाखला मोठा मौजेचा आहे. फ्रान्समध्ये नाताळच्या सुमारास कनिष्ठ पाद्री चर्चमध्येच ‘मूर्खांचा उत्सव’ करीत; एकाला नकली बिशप बनवीत, वेडीवाकडी गाणी गात. १४४५ साली पॅरिसच्या विद्यापीठातील धर्मशास्त्राच्या अध्यापकांनी ह्या प्रकाराच्या निषेधार्थ एक पत्रक काढले, आणि त्यातच विरोधकांचा युक्तिवादही नमूद करून ठेविला. तो युक्तिवाद असा: आम्ही सर्व मद्याची पिंपे आहोत; मधून मधून पिंपाचे बूच उघडून आत वारा घेतला नाही, तर पिंप फुटेल; म्हणून वर्षातून काही दिवस मूर्खपणा केल्यास उरलेले वर्ष देवाची सेवा अधिक निष्ठेने होते. पुढे वाफेची यंत्रे आली, आणि पिंपाच्या जागी बॉयलरच्या झडपेची उपमा आली, अर्थ तोच. कोंडलेली वाफ थोडी सोडावी, म्हणजे यंत्र सुरक्षित चालते.

ही झडपेची उपपत्ती दिसावयास उदार आहे. तिच्यात मनुष्यस्वभावाविषयी सहानुभूती आहे, करमणुकीला जागा आहे. कोणाही शहाण्या गृहस्थास ती पटावी अशीच आहे. पण तिच्याकडे थोडे जवळून पाहावे. झडप कोणासाठी असते? वाफेसाठी नव्हे; यंत्रासाठी. दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून आगगाडी प्रथम आमच्या ठाण्यास आली, तेव्हा तिच्या एंजिनालाही वाफ सोडण्याची झडप होती; पण वाफेला मोकळा वारा मिळावा अशा दयाबुद्धीने ती बसविलेली नव्हती. गाडीने तेच डबे त्याच रुळांवरून त्याच दिशेने ओढीत राहावे, एवढाच तिचा हेतू. तेव्हा जो म्हणतो की, सण ही समाजाची झडप आहे, तो नकळत हेही कबूल करतो की, सणाच्या दुसऱ्या दिवशी काहीही बदलता कामा नये. मोकळीक द्यावयाची ती बंधन टिकावे म्हणून! असे असेल, तर ती मोकळीक म्हणजे बंधनाचेच एक अंग झाले.

आपल्या धर्मग्रंथांतील एक वचन ह्या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधू’ हा ग्रंथ पुरा केला; हे घराणे मूळचे पैठणचे. त्यात होळीच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे धुळवडीचा, विधी सांगताना पुराणाच्या आधारे म्हटले आहे की, ह्या दिवशी जो श्वपचास, म्हणजे ज्याला समाज अस्पृश्य लेखीत असे त्यास, स्पर्श करून स्नान करील, त्याला वर्षभर आधिव्याधी होणार नाही. वाचकांनी हे वाक्य सावकाश वाचावे. तीनशेहून अधिक दिवस जो स्पर्श पाप, तोच एका दिवशी पुण्य, एवढेच नव्हे तर आरोग्यदायक! ह्याहून मोठी उलथापालथ फ्रान्समधील कोणत्या मुखवट्याने केली असेल? पण वाक्य ‘स्पर्श करून’ येथे संपत नाही. ‘स्नान करील’ येथे संपते. झडपेची सारी उपपत्ती त्या एका स्नानात आहे. शिवावे, आणि लगेच ते धुऊन टाकावे. स्पर्शाने जे उघड झाले असते, ते पाण्याने पुन्हा झाकावे.

तर मग हा सारा प्रकार ढोंगच म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. आणि ते का, हे सांगण्यासाठी आणखी एका फ्रेंच गावाकडे वळणे भाग आहे.

दोफिने प्रांतात रोमां नावाचे गाव आहे. तेथील १५८० सालच्या कार्निव्हलची हकीकत इमॅन्युएल ल रॉय लादुरी ह्या इतिहासकाराने १९७९ साली एका ग्रंथात मांडली. त्या काळी करांचा भार सामान्यांवर आणि सूट सरदारांना, अशी स्थिती होती. फेब्रुवारीच्या थंडीत गावचे कारागीर हाती झाडू, दाताळी व मळणीच्या काठ्या घेऊन, अंगावर प्रेतवस्त्रे पांघरून नाचत निघाले. श्रीमंत लोक गरिबांच्या जिवावर गबर झाले आहेत, असे ते नाचता नाचता ओरडत होते. त्यांचा पुढारी झां सर्व, ज्याला लोक पोमिये म्हणत. दुसऱ्या बाजूस न्यायाधीश आंत्वान गेरँ आणि गावचे प्रतिष्ठित. त्यांनीही आपले राजे, आपल्या मेजवान्या आणि आपल्या मिरवणुका उभ्या केल्या. दोन्ही बाजू सोंगांच्या भाषेत बोलत होत्या, आणि दोन्ही बाजूंस अर्थ नीट समजत होता. उपासाचा काळ सुरू होण्याच्या तोंडावर प्रतिष्ठितांच्या माणसांनी पोमियेला ठार मारले. गावात कत्तल झाली, पुढे कित्येकांस फाशी दिले गेले आणि आसपासचे शेतकरीही बळी पडले.

ह्या भीषण प्रकारातून एक गोष्ट स्पष्ट होते. झाडू घेऊन नाचणे हा जर नुसता खेळ असता, नुसती वाफ असती, तर गेरँसारख्या कायदेपंडितास त्याची भीती वाटण्याचे कारण नव्हते. सोंगात काहीतरी खरे असते, हे सोंग आणणाऱ्यापेक्षाही ज्याचे सोंग आणले जाते त्याला अधिक लवकर कळते. उत्सव वाफ सोडीत नाही. तो साक्ष देतो. कशाची साक्ष? तर आपली नित्याची घडी ही सूर्य-चंद्राच्या गतीसारखी निसर्गसिद्ध नसून ती माणसांनी घातलेली आहे, आणि माणसांनी मनात आणले तर ती एक दिवस तरी बाजूला ठेवता येते, ह्याची. जे एक दिवस बाजूला ठेविता आले, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलून घेणे ही गरज नव्हे. ती निवड आहे. आणि निवड म्हटली की, तिची जबाबदारी आली. म्हणून सणाचा खरा नैतिक प्रश्न सणाच्या दिवशी उभा राहत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो.

गेल्या फाल्गुनात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात होळी पाहावयास गेलो होतो. स्टेशनाच्या अगदी लगत असूनही हा वाडा आपला खाडीकाठचा स्वभाव सोडावयास तयार नाही. होळी रचून झाली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अंगावर सोने घालून पूजेस आल्या होत्या. पोरांची सोंगे फिरत होती. त्यांतील एक सोंग कोट घालून, नाकावर चष्मा ओढून, बगलेत जाडजूड पुस्तक मारून आमच्यापुढे येऊन उभे राहिले. ते प्रोफेसरचे सोंग होते! त्याने पुस्तक उघडले, घसा साफ केला आणि गंभीर मुद्रेने म्हणाला, “प्रश्न विचारू नका, लिहून घ्या. परीक्षेत हेच येणार आहे. कळले नाही तरी चालेल.” मग खिशातून घड्याळ काढून, “वेळ संपली,” म्हणत त्याने पुस्तक मिटले. सारा वाडा हसला, आम्हीही हसलो. आमचा विद्यार्थी जरा कावराबावरा होऊन म्हणाला, “सर, रागावू नका हं, पोरगं लहान आहे.” आम्ही म्हणालो, “अरे, ह्यात रागावण्यासारखे काय आहे? त्याला पोस्त दिलीच पाहिजे.” पोस्त घेऊन ते सोंग पुढच्या दारी गेले.

त्या मुलाने नक्कल केली ती आमची नव्हे. त्याने आम्हांस पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. त्याने नक्कल केली ती आमच्या सबंध पेशाची. शिक्षणपद्धतीवर जाडजूड अहवाल निघतात. त्यांतील पुष्कळसा अर्थ ह्या पोराने चार वाक्यांत सांगितला. पण आमच्या मनात घोळत राहिले ते दुसरेच. वर्गात बसलेला मुलगा हे वाक्य बोलू शकत नाही. मुखवटा चढविल्याबरोबर ते त्याला सहज सुचते. तेव्हा मुखवटा चेहरा झाकतो, पण तोंड उघडतो. आता ह्यावर दोन प्रकारे वागता येते. ‘सणाचा विनोद’ म्हणून ते सोडून द्यावे. हेही एक स्नानच. किंवा मुखवट्यावाचूनच हा प्रश्न ज्या वर्गात विचारता येईल, असा वर्ग करण्यास लागावे. पहिले सोपे आहे, आणि रूढीची त्यास पूर्ण संमती आहे.

येथे कोणी म्हणेल की, हसण्याला एवढा मान देऊ नका. हसणे क्रूरही असते. हे अक्षरशः खरे आहे, आणि इतिहासात त्याचे लांच्छनास्पद दाखले आहेत. रोम शहराच्या कार्निव्हलात १४६६ सालापासून ज्यू लोकांस भर रस्त्यातून शर्यतीत पळविण्याची चाल पडली. बघ्यांनी त्यांच्यावर घाण फेकावी, हसावे, आणि ह्यास उत्सव म्हणावे. नवव्या क्लेमेंट पोपने १६६८ साली ही चाल बंद केली, तीही त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे भरून घेऊनच. मुखवटा तोच, मोकळीक तीच; फरक एवढाच की, येथे हसणारा वर होता आणि ज्याला हसावयाचे तो खाली. ह्यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. हास्य वरच्याकडे जाते, तेव्हा ते साक्ष देते. खालच्याकडे जाते, तेव्हा ते शिक्षा देते. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्या अंगावर रंग टाकणे ही मोकळीक नव्हे. रोजच्याच जबरदस्तीला एका दिवसापुरता रंग फासणे होय. रस्त्याने जाणारी मुलगी, गाडीच्या दारातला प्रवासी, परगावाहून आलेला मजूर, हे त्या दिवशी आपले राजे नसतात. मग त्यांच्यावर बोंब कसली मारावयाची?

आणि हल्ली एक तिसरीच अवस्था दिसू लागली आहे. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीपासून इंत्रूज खेळला जाई. गावोगावच्या खेळांत भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, यथेच्छ टर उडविली जाई. १९६५ सालापासून तेथे शहरांतून मोमो राजाच्या थाटाच्या मिरवणुका निघू लागल्या. चित्ररथ आले, जाहिराती आल्या, प्रवासी आले. आमच्याकडेही धुळवडीस आता तिकीट लावून, कर्णे लावून रंग खेळविला जातो. त्यात कोणी कोणाचे सोंग घेत नाही आणि कोणी कोणास काही सुनावीत नाही. ढोल पुष्कळ, बोंब नाही! आपल्याकडे म्हणतात की, सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. आज पैशानेच सगळी सोंगे विकत घेतली आहेत, असे म्हणण्याची पाळी आली आहे. झडप होती तेव्हा निदान आत वाफ आहे, हे तरी ठाऊक होते.

मूळ मुद्द्याकडे वळू. सणाने दिलेली साक्ष दुसऱ्या दिवशी टिकू शकते काय? टिकते, असे आम्ही म्हणतो, आणि त्याचे दोन दाखले आमच्याच इतिहासात आहेत.

पहिला एकनाथांचा. रोमां गावी पोमिये मारला गेला त्याच शतकात, त्याच पैठणास, नाथांची (१५३३–१५९९) भारुडे रचली गेली. भारुड म्हणजे सोंगच. परंतु नाथांनी सोंग घेतले ते राजाचे किंवा देवाचे नव्हे. महाराचे, जोगत्याचे, वेड्याचे, आंधळ्या-बहिऱ्याचे. ज्याच्या तोंडून शास्त्र ऐकण्याची ब्राह्मणास सवय नव्हती, त्याच्या तोंडी त्यांनी शास्त्र घातले. आणि नाथांचे चरित्रकार सांगतात की, हे त्यांनी पदापुरतेच ठेविले नाही. उन्हात तळमळणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर उचलून घेतले, आणि त्याबद्दल गावाचा रोष पत्करला. ह्या स्पर्शाला पंचांगातील तिथी नव्हती. पैठणच्याच एका घराण्यातून ‘शिवून स्नान करावे’ असे लिहिणारा पंडित निघाला आणि त्याच पैठणात त्याच्या काही वर्षे आधी शिवून तसाच घरी जाणारा संत होऊन गेला, ही जोडी विसरण्यासारखी नाही.

दुसरा दाखला महाडचा. दि. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्ह्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची परिषद भरली, आणि २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक शांतपणे चालत जाऊन चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या वर्षीची फाल्गुनी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. होळी आणि रंगपंचमी ह्यांच्या मधले ते दिवस. म्हणजे ज्या दिवसांत जुन्या ग्रंथाप्रमाणे स्पर्शाला क्षणभर मुभा होती आणि मागोमाग स्नान होते, त्याच दिवसांत ही माणसे आली. पण ती मुखवटा घालून आली नाहीत, मुभा मागत आली नाहीत, आणि एका दिवसापुरती आली नाहीत. फरक एवढाच होता, आणि तोच असह्य झाला. त्यांच्यावर हल्ला झाला. आणि पुढे सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळेच ‘शुद्ध’ करून घेतले. ग्रंथात माणसाने स्नान करावयाचे होते. येथे पाण्यालाच स्नान घातले! त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, २५ डिसेंबरला, महाडास मनुस्मृतीचे दहन झाले. लिमूच्या चौकात गवताचा राजा जाळतात आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा उभा करतात. आपली होळीही दर वर्षी नवी रचली जाते. महाडला जे जाळले, ते पुन्हा उभे करावयाचे नाही ह्या निश्चयाने जाळले. तळ्याचा दावा १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात निकालात निघून हक्क मान्य झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. शिमग्याला जे एक दिवस ठाऊक होते, ते कायद्याला बारा महिने ठाऊक झाले.

कायद्याला झाले, घराला झाले काय? आमच्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेत धुळवडीच्या दिवशी मोठी गोड चाल आहे. पहारेकरी, झाडणारी बाई, गाड्या धुणारी मुले ह्या सर्वांस त्या दिवशी खाली अंगणात बोलावतात. सभासद त्यांना गुलाल लावतात, मिठी मारतात, पुरणपोळी एकाच पंगतीत वाढतात. वर्षातून एकदा तरी हे होते, ह्याचे आम्हांस कौतुकच वाटते. पण त्याच इमारतीच्या जिन्यापाशी पाटी आहे की, घरकामास येणाऱ्यांनी व माल पोहोचविणाऱ्यांनी मागील लिफ्टचा वापर करावा. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती पाटी जागच्या जागी असते. झाडणाऱ्या बाईसाठी निराळा ठेविलेला कान तुटलेला कपही असतो. कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो. मंडळी सुस्वभावी, शिकलेली, देवाधर्माची. फक्त काल अंगाला लागलेला रंग त्यांनी सकाळी न्हाणीघरात धुऊन टाकलेला असतो, आणि रंगाबरोबर आणखीही काहीतरी त्या पाण्यातून वाहून गेलेले असते.

अशा वेळी दोन टोकांचा सल्ला मिळतो. एकजण म्हणतो, हा दांभिकपणा आहे, ती पंगतच बंद करा. दुसरा म्हणतो, निदान एक दिवस तरी जवळीक होते ना, मग उगीच खुसपट कशाला काढता? आम्हांस दोघांचेही म्हणणे पटत नाही. पंगत बंद केली तर वर्षातील एकुलता एक साक्षीदार आपणच घालवून बसू. आणि पंगतीवरच संतोष मानला, तर साक्ष ऐकून घेऊन निकाल मात्र दिलाच नाही असे होईल. त्या पंगतीने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे: ह्या माणसांच्या शेजारी बसून जेवता येते, आभाळ कोसळत नाही, पोळी कडू लागत नाही. एवढे सिद्ध झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती पाटी ठेवावयाची असेल तर खुशाल ठेवावी. पण ‘रीतच आहे’ हे कारण आता पुढे करता येणार नाही. रीत मोडता येते, हे आपणच काल दाखविले. आता ती पाटी आहे ती आपल्या इच्छेने आहे.

आमच्या मते सणाचे नैतिक मूल्य येथेच आहे. शिमगा मनुष्यास चांगला करीत नाही. पण त्याची सबब काढून घेतो. ज्याला सबब उरली नाही तो चांगला होईलच असे नाही. परंतु त्याला निदान आपण काय करीत आहो, हे माहीत असते.

मराठीत एक म्हण आहे: शिमगा गेला आणि कवित्व राहिले. सण सरल्यावरही जिभेवर रेंगाळणाऱ्या अभद्र बोलण्यास उद्देशून आपण ती तुच्छतेने वापरतो. आम्हांस मात्र वाटते की, शिमग्याच्या मागे काहीच राहिले नाही, तर तो फुकट गेला. अभद्र शब्द अवश्य जावेत. मुखवटे पुढील वर्षापर्यंत माळ्यावर ठेवावेत. पण सोंगाने जे सुनावले ते, पंगतीला जो शेजारी बसला तो, आणि कपाळाला ज्याच्या बोटांनी गुलाल लागला ती बोटे, एवढे कवित्व घराघरांतून राहावे. धुळवडीच्या संध्याकाळी स्नान तर सर्वांनाच करावयाचे आहे. काय धुवावयाचे आणि काय ठेवावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.